चार संस्थांचं सामाईक मेंदूविज्ञान केंद्र कोकणात चालवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळची तीन महाविद्यालयं आणि एक रुग्णालय मिळून मेंदूविज्ञानाचं सामाईक संशोधन केंद्र उभं करताहेत. निधी मंजूर झालाय. ३२ चॅनेलचं ईईजी (टाळूवरून मेंदूच्या विद्युत लहरी टिपणारं यंत्र), एक कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक (लेझरने नमुन्याचा एकेक थर दाखवणारा), क्रायोस्टॅट (गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप करणारं यंत्र) आणि उणे ८० अंशांचा फ्रीझर घ्यायचं ठरलंय. समन्वयक म्हणून नेमलेल्या प्राध्यापक मॅडम विचारतात की यंत्र कोणी कधी वापरायचं, पैसे घ्यायचे का, घ्यायचे तर किती, आणि पुढे भांडणं होऊ नयेत म्हणून सुरुवात कुठून करायची.

मॅडम, किनाऱ्यालगतचं असंच एक केंद्र मी एकोणीस वर्षं सांभाळलं. त्या अनुभवावरून सांगतो. यंत्रांच्या यादीवर तुम्ही सहा महिने घालवले असतील. आता खरेदीच्या ऑर्डरवर सही करण्याआधी एक महिना थांबा आणि तो करार, माणूस आणि वीज या तीन गोष्टींना द्या. केंद्रं बंद पडतात ती या तिन्हींमुळे, यंत्र हलक्या प्रतीचं निघालं म्हणून बंद पडलेलं केंद्र मी पाहिलेलं नाही.

आधी करार. सामाईक सातबारा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उताऱ्यावर सतरा नावं, त्यातली बारा मुंबईला, आणि साधा गडगा घालायचा तरी सगळ्यांच्या सह्या हव्यात. जमीन सगळ्यांची असते आणि कलमं कोणीच लावत नाही. चार संस्थांच्या केंद्राचं तिसऱ्या-चौथ्या वर्षी हेच होतं. म्हणून मालकी एकाच संस्थेकडे ठेवा. यंत्रं तिच्या मालमत्ता नोंदवहीत, विमा तिच्या नावावर, देखभालीचा करार तिच्या सहीने. बाकीच्या तिघांना मालकीत वाटा देऊ नका, तास द्या: आठवड्याला किमान इतके तास, लेखी, आणि यजमान संस्थेला ते काढून घेता येणार नाहीत असे. तास मिळाले की मालकीचा आग्रह आपोआप सैल होतो, हे मी दोनदा पाहिलंय. एखादी संस्था बाहेर पडली तर तिचे नमुने, तिचा डेटा आणि तिने भरलेले पैसे यांचं काय करायचं, तेही याच करारात लिहा. सगळे एकमेकांवर खूश आहेत, तोवरच हे कलम लिहून होतं.

निधी बहुधा तीन किंवा पाच वर्षांचा असेल. यंत्राची वॉरंटी संपते, निधीही संपतो, आणि त्याच वर्षी कंपनी वार्षिक देखभालीचं कोटेशन पाठवते. माझ्या अनुभवात सर्वसमावेशक देखभाल करार यंत्राच्या किमतीच्या पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून निविदेतच पाच वर्षांची सर्वसमावेशक वॉरंटी मागा आणि तिची किंमत खरेदीत धरा. भांडवली पैसा आज हातात आहे, आवर्ती पैसा पुढे मिळेलच असं नाही. दुसरी अट अशी घाला की इंजिनिअर ठरावीक वेळेत ‘यंत्राच्या जागी’ पोचला पाहिजे. आमच्या पहिल्या करारात फक्त प्रतिसादाची वेळ लिहिली होती. कंपनीने मुंबईहून फोन उचलला की त्यांच्या लेखी प्रतिसाद झालेला असायचा, आणि माणूस घाट उतरून यायला अकरा दिवस लागायचे.

आता वीज. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पुण्या-बंगळुरूच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत हे तुम्हाला मिळणार नाही.

टाळूवरून मिळणारा ईईजीचा सिग्नल साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो. भिंतीतली वीज २३० व्होल्टची, ५० हर्ट्झने धडधडणारी. या दोघांना वेगळं ठेवण्यात अर्थिंगचा मोठा वाटा असतो, आणि आपली जमीन जांभ्याची. जांभा सच्छिद्र आहे. पावसाळ्यात पाण्याने भरतो तेव्हा वीज जमिनीत नीट उतरते. एप्रिल-मेमध्ये कातळ तापून कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध चढतो. आमच्याकडे एका मे महिन्यात सगळ्या चॅनेलवर ५० हर्ट्झची जाड पट्टी यायला लागली. आठवडाभर आम्ही अँप्लिफायरला दोष देत होतो. इलेक्ट्रोड बदलले, केबल बदलली, कंपनीला मेल पाठवले. शेवटी गावातल्या एका जुन्या वायरमनने टेस्टर लावून अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजला, तर आकडा पावसाळ्यातल्या आकड्याच्या कित्येक पट होता. त्याने दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओतायला सांगितलं. तासाभरात पडद्यावरची पट्टी बारीक झाली. तो तास मी कधी विसरणार नाही.

त्यानंतर आम्ही ईईजी खोलीसाठी वेगळा, खोल खड्डा खणला, त्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरलं, वरून पाणी सोडायला पाइप ठेवला आणि जानेवारी ते जून दर सोमवारी पाणी घालायचं काम नोंदवहीत लिहून एका माणसाला दिलं. मात्र वेगळा खड्डा इमारतीच्या मुख्य अर्थिंगपासून तुटक ठेवू नका. दोन्हींची जोडणी परवानाधारक विद्युत अभियंत्याकडूनच करून घ्या. इथे प्रश्न सिग्नलच्या सफाईपुरता नाही, खुर्चीवर डोक्याला तारा लावून माणूस बसलेला असतो. कोणी म्हणेल की सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झची पट्टी गाळणारा नॉच फिल्टर आहे, तो लावा. तो रोग झाकतो. गॅमा लहरींवर, म्हणजे साधारण ३० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नेमका कामाचा भागही त्यात कापला जातो.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात, आणि उशीर झाला तर कोटिंग खराब होऊन भिंगच बदलावं लागतं. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद, ही सर्वांत वाईट पद्धत. गार झालेल्या काचेवर रात्री दमट हवा येते आणि दव धरतं. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असा डीह्युमिडिफायर चोवीस तास चालू ठेवावा लागतो, आणि त्याचं वीजबिल पहिल्या अंदाजपत्रकातच दाखवावं लागतं. संध्याकाळी सहाला मेन स्विच बंद करणारा शिपाई आपल्या परीने वीजच वाचवत असतो. त्याला खोलीत बोलावून भिंगावरची बुरशी दाखवा. आमच्याकडे तेवढ्याने काम झालं, नोटीस लावून झालं नव्हतं.

फ्रीझरबद्दल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. म्हणजे जेमतेम चौदा महिन्यांत तीन वेळा. ‘वीज गेली तर जनरेटर आहे’ एवढ्यावर इथे भागत नाही. फ्रीझर तळमजल्यावर ठेवू नका. जनरेटर आपोआप सुरू होणारा हवा आणि किमान तीन दिवसांचं डिझेल जागेवर हवं. मोलाचा प्रत्येक नमुना दोन भागांत करून अर्धा दुसऱ्या संस्थेच्या फ्रीझरमध्ये ठेवा. चार संस्था एकत्र असण्याचा हा सगळ्यात रोकडा फायदा आहे. फ्रीझरमधल्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, कारण भरलेला फ्रीझर सावकाश तापतो. आणि वीज गेल्यावर आत काय चाललंय ते बघायला दार उघडू नका.

एका वादळाच्या रात्री आमच्याकडे डिझेल होतं, जनरेटरही धड होता. डिझेलच्या खोलीची चावी मात्र खाडीपलीकडे राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खिशात होती आणि खाडीतली फेरीची होडी बंद होती. कुलूप तोडायला कोणी तयार होईना, कारण परवानगी कोणाची ते लिहिलेलं नव्हतं. अपस्माराच्या रुग्णांचे, घरच्यांनी विश्वासाने दिलेले रक्ताचे नमुने फ्रीझरमध्ये होते. पहाटे चारला मी स्वतः कुलूप तोडलं. थोडे नमुने तरीही गेले. त्या लोकांना काय सांगायचं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. दुसऱ्या दिवशी केंद्रात पहिला लेखी नियम झाला: चाव्या तीन, तीन वेगवेगळ्या घरांत, आणि आणीबाणीत कुलूप तोडायचा अधिकार रखवालदारालासुद्धा.

यंत्रावरचा माणूस ही तिसरी गोष्ट, आणि तिन्हींत सर्वांत मोठी. कॉन्फोकल चालवणारा तंत्रज्ञ तयार व्हायला दोन वर्षं लागतात. लेझरचा पंखा आज नेहमीसारखा वाजत नाही, हे त्याला दारातच कळतं. अशा माणसाला आपण प्रकल्पाच्या कंत्राटावर ठेवतो, दर मार्चला त्याचा जीव टांगणीला लावतो, आणि तो पुण्याला निघून गेला की हळहळतो. चारही संस्थांनी एकेक चतुर्थांश पगार उचलून एक तरी कायम पद तयार करा. जमत नसेल तर एक यंत्र कमी घ्या, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. क्रायोस्टॅट नसला तर काप दुसरीकडून करून आणता येतात, पण ते नीट झालेत की नाहीत हे ओळखणारा माणूस तुमच्याकडेच लागतो. शोधनिबंधात त्याचं नाव कधी यावं, हेही आधी ठरवा. नुसती यंत्राची वेळ दिली तर आभारात उल्लेख पुरे. प्रयोगाची आखणी किंवा निष्कर्षांचं विश्लेषण त्याने केलं असेल, लेखनात आणि अंतिम मसुद्यात त्याचा सहभाग असेल, तर तो लेखक आहे, मग त्याची पदवी कोणतीही असो. आणि केंद्राचे प्रमुख म्हणून प्रत्येक निबंधावर आपलं नाव यावं, अशी अपेक्षा तुम्ही ठेवू नका.

वेळेच्या वाटपाचे नियम थोडेच करा, पण ते सगळ्यांना सारखे लावा. एकच ऑनलाइन कॅलेंडर, दोन आठवड्यांपलीकडचं बुकिंग नाही, सलग चार तासांपेक्षा जास्त नाही, आणि चोवीस तास आधी रद्द केलं नाही तर तास वापरला असं धरायचं. प्रशिक्षणाची सही झाल्याशिवाय यंत्राला हात नाही, मग तो विभागप्रमुख का असेना. तुमच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांनीही त्याच रांगेत उभं राहायचं. पहिल्या वर्षी सगळ्यांचं लक्ष फक्त यावर असतं. यंत्राशेजारी कागदी वही हवीच. त्यात काय बिघडलं, काय वेगळं वाटलं ते प्रत्येकाने लिहायचं. बिघाड स्वतःहून सांगणाऱ्याला कधीही दंड करू नका. आम्ही सुरुवातीला करत होतो, तेव्हा सगळे बिघाड ‘आधीपासूनच’ असायचे.

ईईजीचं वेळापत्रक करताना आपल्याकडचं पंचांग समोर ठेवा. गणपतीत आणि शिमग्यात कोणी येणार नाही. आंब्याच्या दिवसांत बागायतदाराला वेळ नसतो. सकाळी नऊची वेळ दिलीत तर लांजा-राजापूरकडचा माणूस पहिली एसटी पकडूनही धापा टाकत पोचतो, आणि धावपळ करून आलेल्या माणसाचा ईईजी शांत नसतो. शिवाय आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावून बाहेर पडणं ही शिस्त आहे. तेलावर इलेक्ट्रोड नीट बसत नाही, इम्पिडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला रोध, पाच किलोओहमच्या खाली येत नाही आणि अर्धा तास टाळू घासण्यात जातो. फोनवर वेळ देतानाच सांगायचं: ‘आदल्या रात्री केस धुवा आणि तेल लावू नका, परत जाताना इथेच डोकं धुवायची सोय आहे.’ गरम पाण्याचं बेसिन आणि स्वच्छ पंचा हे आमच्या केंद्रातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी साधन होतं.

पैशांचं. घ्याच, फुकट ठेवू नका. फुकट वेळ लोक अडवून ठेवतात आणि वापरत नाहीत. दर काढायची रीत सोपी आहे. उदाहरणादाखल कॉन्फोकलची देखभाल वर्षाला ४ लाख, तंत्रज्ञाच्या पगारातला वाटा ४ लाख ८० हजार, वीज १ लाख २० हजार आणि किरकोळ १ लाख धरा. एकूण ११ लाख. वर्षाचे कामाचे दिवस २५०, रोजचे सहा तास, म्हणजे १५०० तास. इथेच सगळे चुकतात. ११ लाखांना १५०० ने भागून ताशी ७३३ रुपये काढतात आणि वर्षाअखेरीला खड्ड्यात जातात, कारण यंत्र पहिली दोन वर्षं निम्मे तासच चालतं. ७५० तासांनी भागा, दर साधारण १४६७ येतो. हा खरा खर्च. त्यातला किती वाटा संस्थांनी उचलायचा आणि किती वापरणाऱ्याने, ही वेगळी चर्चा, पण ती खऱ्या आकड्यावर करा. माझं मत विचाराल तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना वर्षाला काही तास मोफत द्यावेत, भागीदार संस्थांना निम्मा दर, बाहेरच्या शैक्षणिक संस्थांना पूर्ण आणि कंपन्यांना दीड-दोन पट. सरकारी निधीतून घेतलेली यंत्रं २०२० मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या संशोधन यंत्रांच्या सरकारी पोर्टलवर नोंदवा. कोल्हापूर, गोव्याकडचे संशोधक तिथून तुम्हाला शोधत येतील.

मानवी सहभागाचं काम रुग्णालयाकडे आहे म्हणून सोडून देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनेक संस्थांच्या एकत्र अभ्यासाला एका मुख्य नैतिकता समितीकडून सामाईक परीक्षण करून घेता येतं. ती सोय पहिल्यापासून लावा, म्हणजे एकच प्रस्ताव चार समित्यांत फिरणार नाही. मानसिक आजाराच्या व्यक्तींवर संशोधन असेल तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा त्यांची स्वतःची, मुक्त आणि माहितीपूर्ण संमती मागतो. ती व्यक्ती संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर नातेवाइकाची सही पुरत नाही, राज्य प्राधिकरणाची परवानगी लागते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तेव्हा हा प्रश्न तुमच्यापुढे लवकरच येईल. प्राण्यांवरच्या प्रयोगांची समिती वेगळी. उंदीर ठेवायचा विचार असेल तर त्या नोंदणीला लागणारा वेळ आत्ताच धरून चाला.

संमतीपत्र वाचून दाखवताना एकदा एका आईने मला विचारलं होतं, ‘ह्यातून माझ्या झिलाक बरा वाटतला काय?’ पत्रकात सगळं नीट मराठीत लिहिलेलं होतं, तिने ऐकूनही घेतलं होतं, आणि तरी तिच्या मनात हा उपचारच होता. मी म्हटलं, ‘नाही माई, ह्यात औषध नाही, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.’ ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘मगे होऊ देत.’ तेव्हापासून आम्ही सही घेण्याआधी प्रत्येकाला त्याच्याच शब्दांत विचारतो, की आम्ही काय करणार आहोत ते तुम्ही मला सांगा. तपासणीत अनपेक्षित काही दिसलं तर कोणाला, किती दिवसांत कळवायचं, हेही त्याच पत्रकात असू द्या.

डेटासाठी ‘बिड्स’ ही मेंदूच्या नोंदी ठेवण्याची प्रमाणित फाइलरचना पहिल्या दिवसापासून वापरा. ती २०१६ मध्ये एमआरआयसाठी आली आणि पुढे ईईजीलाही लागू झाली. तीन प्रती, त्यातली एक रत्नागिरीबाहेर. रुग्णांची नावं आणि सांकेतिक क्रमांक यांची जोडयादी डेटाच्या संगणकावर ठेवायची नाही.

तुम्ही न विचारलेलं एक सांगतो, कारण मला ते मनापासून वाटतं. केंद्राला स्वतःचा प्रश्न हवा. कोकणातल्या लाल विंचवाचं विष मज्जापेशींच्या सोडियम वाहिन्यांवर (सोडियमचे कण आत सोडणाऱ्या दारांवर) काम करतं आणि हृदय, रक्तदाब आपोआप चालवणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेत वादळ उठवतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण दवाखान्यात बसून त्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. त्याच विंचवाच्या विषातून वेगळं काढलेलं इबेरिओटॉक्सिन आज जगभरच्या प्रयोगशाळांत पोटॅशियमच्या एका जातीच्या वाहिन्या बंद करायला वापरतात. मज्जातंतूतून संदेश कसा धावतो, हे हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये मांडलं ते माकुळाच्या (स्क्विडच्या) जाड तंतूवर काम करून, आणि माकूळ रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या जेट्टीवर टोपलीने उतरतो. तो जिवंत ठेवणं फार अवघड, पण शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या मंडळींशी बोलून तरी बघा. असा एखादा प्रश्न असला की चार संस्थांतले लोक तासांच्या हिशेबापलीकडे एकत्र बसतात.

किरकोळ पण महत्त्वाचं: अँटिबॉडी मागवताना पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी पोचेल असंच सांगा. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुरियरच्या गोदामात पडतं आणि कोरडा बर्फ उडून जातो.

करार लिहायला बसाल तेव्हा मला दोन गोष्टी कळवा: रुग्णालयाच्या जनरेटरवर सध्या किती भार आहे, आणि ईईजीची खोली लिफ्टच्या मोटरपासून किती लांब आहे. मोटर शेजारच्या भिंतीला असेल तर खोली आत्ताच बदलून घ्या, फरशी बसवल्यावर कोणी ऐकणार नाही.